'इन्क्लाइन्ड' : मनाचा कल सांगणारे एक विशेषण

विद्यालयाच्या प्रगतिपत्रकात अगदी शेवटी एक रकाना असतो : 'वर्गशिक्षकांचा अभिप्राय'. सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू झाल्यापासून हा अभिप्राय इंग्रजीत लिहिण्याची पद्धत पडली. चाळीस-पंचेचाळीस मुलांची पत्रके एक-दोन रात्रींत पूर्ण करावयाची असल्याने काही ठरावीक वाक्ये शिक्षकाच्या हातात बसून जातात. त्यांपैकी एक वाक्य आमच्याही हातात बसले होते : 'ही इज नॉट इन्क्लाइन्ड टु स्टडी.' म्हणजे, अभ्यासाकडे याचा कल नाही.

हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. तरीही एका मुलाच्या बाबतीत ते चुकीचे होते, हे आम्हांस त्या मुलाच्या वडिलांनी शिकवले. ती हकिगत लेखाच्या शेवटी सांगू. तत्पूर्वी या विशेषणाचा अर्थ, त्याचा वापर आणि त्याच्या कुळातील शब्दांचा इतिहास माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने भाषेच्या पाठात इतिहास डोकावेल, हे वाचकांनी गृहीत धरावे.

शब्दाचा अर्थ

'इन्क्लाइन' या क्रियापदाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ 'झुकवणे, कलते करणे' असा आहे. इयत्ता सहावीच्या मुलांना साधी यंत्रे शिकवताना आपण ट्रकला लावलेल्या फळीचे उदाहरण देतो. जड पिंप त्या फळीवरून लोटत वर नेले जाते. मराठीत आपण तिला उतरण म्हणतो, इंग्रजीत 'इन्क्लाइन्ड प्लेन' म्हणतात. जमिनीशी कोन करून कललेली ती फळी हा या विशेषणाचा मूळ, दिसणारा अर्थ होय. तोच अर्थ पुढे मनाला लावण्यात आला. फळी एका बाजूस कलावी तसे मनही एखाद्या बाजूस कलते, अशी ही कल्पना आहे.

मराठीला ही कल्पना परकी नाही. 'कलणे' या क्रियापदापासून आपण 'कल' हे नाम घेतले. भिंत कलते, सूर्य कलतो आणि मनाचाही कल असतो. महाराष्ट्र शासनाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेतली, ती याच अर्थाने. म्हणून 'इन्क्लाइन्ड'चे भाषांतर करताना 'कल असलेला' हाच सर्वांत जवळचा पर्याय होय. 'आवड असलेला' किंवा 'हुशार' हे त्याचे अर्थ नव्हेत. आवड ही अनुभवाची गोष्ट आहे, हुशारी ही क्षमतेची. कल ही दिशेची गोष्ट आहे.

या धातूचे कूळ फार मोठे आहे. 'डिक्लाइन' म्हणजे खाली कलणे, नकार देणे. 'रिक्लाइन' म्हणजे मागे रेलणे. ग्रीक भाषेतील याच कुळातील शब्दाचा अर्थ 'पलंग' असा होता; त्यावरून रुग्णशय्येजवळचे ते 'क्लिनिक' झाले. पृथ्वी विषुववृत्तापासून ध्रुवाकडे कलत जाते, या प्राचीन समजुतीवरून 'क्लायमेट' हा शब्द आला. इंग्रजीतील 'लीन', म्हणजे टेकणे, हाही त्याच कुळातला. आणि भाषाशास्त्रज्ञ याच कुळात संस्कृतमधील 'श्रि' या धातूची गणना करतात. 'श्रि' म्हणजे टेकणे, आधार घेणे. त्यापासून आपला 'आश्रय' हा शब्द बनला. 'इन्क्लाइन्ड' आणि 'आश्रय' हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

वाक्यातील वापर

'इन्क्लाइन्ड' हे विशेषण एकटे उभे राहत नाही. कोणत्या दिशेने कल आहे ते सांगितल्याशिवाय वाक्य अपुरे राहते. त्याच्या वापराचे मुख्य प्रकार असे :

पहिला प्रकार, पुढे 'टु' आणि क्रियापद. 'शी इज इन्क्लाइन्ड टु वरी.' तिचा काळजी करण्याकडे कल आहे. येथे वारंवार घडणारी सवय सूचित होते. एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी हे वाक्य वापरत नाहीत. निर्जीव वस्तूलाही हे चालते. पावसाळ्यात दार फुगून अडकू लागले, तर ते दारही 'इन्क्लाइन्ड टु स्टिक' असते.

दुसरा प्रकार, सौम्य मतप्रदर्शन. 'आय ॲम इन्क्लाइन्ड टु ॲग्री.' मी सहमत होण्याकडे झुकलो आहे. येथे बोलणारा ठाम होकार देत नाही, विचारास वाव ठेवतो. सभेत, मुलाखतीत, पत्रव्यवहारात हा वापर फार उपयोगी आहे. मतभेदही सभ्यपणे मांडता येतो.

तिसरा प्रकार, आधी क्रियाविशेषण. 'म्युझिकली इन्क्लाइन्ड', 'मॅथेमॅटिकली इन्क्लाइन्ड'. संगीताकडे, गणिताकडे ओढा असलेला. यात स्वाभाविक ओढीची छटा अधिक आहे.

चौथा प्रकार, पुढे 'टुवर्ड्ज' आणि नाम. 'हिज माइंड इज इन्क्लाइन्ड टुवर्ड्ज सायन्स.'

आपल्या मुलांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे 'इन्क्लाइन्ड इन स्पोर्ट्स' किंवा 'इन्क्लाइन्ड फॉर स्टडी'. 'इंटरेस्टेड इन' हे तोंडात बसलेले असल्याने तेच शब्दयोगी येथे जोडले जाते. कल नेहमी कशाकडे तरी असतो, कशामध्ये नसतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे 'टु' आणि 'टुवर्ड्ज' आपोआप आठवतात.

नकाराच्या बाबतीत मात्र अधिक सावध असावे. 'नॉट इन्क्लाइन्ड' म्हणजे कल नाही. फळी सपाट आहे. 'डिसइन्क्लाइन्ड' म्हणजे विरुद्ध बाजूस कल आहे. मनात नावड आहे. शिक्षक पहिले लिहितो आणि वाचणारा दुसरे समजतो, असे वारंवार घडते. सपाट फळी कोणत्याही बाजूस कलवता येते. परंतु 'याला अभ्यास नकोच आहे' असा अर्थ एकदा घेतला गेला, की ती फळी उचलण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

शेजारचे शब्द

अर्थाने जवळ असलेली आणखी काही विशेषणे पाहू. 'विलिंग' म्हणजे राजी. विचारले असता तयार होणारा. 'डिस्पोज्ड' म्हणजे मनाची मांडणी एखाद्या बाजूने झालेला. 'प्रोन' म्हणजे मूळ अर्थाने पालथा, पुढे झुकलेला. हे विशेषण बहुधा वाईट गोष्टींसाठीच येते, जसे आजाराला, अपघाताला वा रागाला 'प्रोन'. 'बायस्ड' म्हणजे तिरपा, पूर्वग्रहदूषित. न्यायाधीश किंवा परीक्षक यांच्याविषयी हा शब्द वापरला तर तो आरोप ठरतो.

हे शब्द एका ओळीत ठेवून पाहिले असता एक गोष्ट दिसते. कल तोच असतो, पण तो कोणाचा आहे आणि सांगणारा कोण आहे, यावर विशेषण ठरते. आपल्या मुलाला आपण 'इन्क्लाइन्ड' म्हणतो, दुसऱ्याच्या मुलाला 'प्रोन'. विशेषण निवडणाऱ्याच्या हातात सत्ता असेल, तर ही निवड केवळ भाषेची राहत नाही. इतिहासात याचे एक भयंकर उदाहरण आहे.

कायद्याने चिकटवलेले विशेषण

'ॲडिक्टेड' हा शब्द आज आपण दारू, तंबाखू आणि मोबाइल यांच्या संदर्भात ऐकतो. त्याचा जन्म रोमन न्यायालयात झाला. कर्ज फेडू न शकणाऱ्या ऋणकोस न्यायाधिकारी आपल्या मुखातील शब्दाने धनकोच्या ताब्यात देत असे. अशा ताब्यात दिलेल्या माणसाला 'ॲडिक्टस' म्हणत. पुढे इंग्रजीत हा शब्द 'एखाद्या गोष्टीला वाहून घेतलेला' या अर्थाने आला. जुन्या इंग्रजी गद्यात माणूस विद्येलाही 'ॲडिक्टेड' असू शकत असे. म्हणजे हेही मनाचा कल सांगणारेच विशेषण होते.

1871 साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करण्यास 'ॲडिक्टेड' आहे, असे मानण्यास प्रांतिक सरकारला कारण वाटले, तर गव्हर्नर जनरलच्या संमतीने तिला गुन्हेगार जमात म्हणून जाहीर करता येईल, अशी त्यात तरतूद होती. एकदा अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नसे. पुरावा एका माणसाविरुद्ध नव्हता. विशेषण मात्र संपूर्ण जमातीला, पाळण्यातल्या मुलासकट, लागले. नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना, हे सारे त्या एका विशेषणाच्या मागोमाग आले. रोमच्या न्यायाधिकाऱ्याप्रमाणे येथेही माणूस केवळ शब्दाने ताब्यात गेला.

या कायद्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला तो आपल्या ओळखीचा आहे. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. तेव्हा गुन्हेगारीही वंशपरंपरेनेच चालत असली पाहिजे, असे राज्यकर्त्यांनी मानले. म्हणजे जातिव्यवस्थेचे तर्कशास्त्र त्यांनी उसने घेतले आणि त्याला कायद्याची भाषा दिली. 1911 च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यालाही लागू झाली. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, विशेषण मात्र गावोगावच्या तोंडी उरले, हे आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

कल जन्माने ठरतो काय?

या प्रश्नाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली स्पष्ट उत्तर दिले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले, आणि परिषदच रद्द झाल्यामुळे कधीही न झालेले ते भाषण 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने प्रसिद्ध आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमविभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातील युक्तिवाद सर्वांना माहीत आहे. त्याला लागूनच त्यांनी मांडलेला मुद्दा आमच्या विषयाशी थेट जुळतो. ही विभागणी माणसाच्या नैसर्गिक क्षमतेवर उभी नाही. व्यक्तीची आवड, तिची पसंती यांना तीत स्थान नाही. आईबापांच्या सामाजिक दर्जावरून काम आधीच ठरवले जाते. परिणामी माणसाला आपल्या कामाविषयी नावड वाटू लागते आणि ते टाळण्याकडे त्याचे मन वळते. म्हणजे 'डिसइन्क्लाइन्ड' माणूस जन्मत नाही; व्यवस्था त्याला तसा घडवते.

यासंदर्भात सोलापूर शहराचा विचार मनात येतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणातील जी वसाहत तेथे उभी राहिली, तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत आले आहेत. त्याच सोलापुरात 1925 च्या जानेवारीत बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणाची, कपड्यांची आणि लेखनसाहित्याची सोय सभेने पाहिली. एकाच शहरात दोन निवासी व्यवस्था होत्या. एक मानत होती की कल रक्तात असतो, म्हणून माणसाला कुंपणात ठेवले पाहिजे. दुसरी मानत होती की पोटाला अन्न, अंगावर कपडा आणि हातात पाटी असेल तर कल बदलतो, म्हणून मुलाला आश्रय दिला पाहिजे. आपले विद्यालय या दुसऱ्या परंपरेतले आहे.

'नति' आणि 'निन्न'

पाली वाङ्मयात या विषयाचा विचार फार पूर्वी आणि फार सूक्ष्मपणे झालेला आहे. मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात भगवान बुद्ध आपल्या संबोधीपूर्वीच्या साधनेविषयी सांगतात. त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले : एका बाजूस कामना, द्वेष आणि हिंसा यांचे विचार, दुसऱ्या बाजूस त्यांच्या विरुद्ध असणारे विचार. माणूस ज्या गोष्टीचे वारंवार चिंतन करतो तिकडे त्याच्या चित्ताचा कल होतो, हा तेथील सिद्धान्त आहे. कलासाठी तेथे 'नति' हा शब्द आला आहे. 'नमन' ज्या धातूपासून झाले त्याच धातूचा, वाकणे या अर्थाचा हा शब्द होय. इंग्रजी अनुवादक त्यासाठी 'इन्क्लिनेशन' हाच शब्द योजतात.

संयुत्त निकायात गंगेची उपमा येते. गंगा पूर्वेकडे 'निन्न' म्हणजे उतरती आहे. त्याप्रमाणे अष्टांगिक मार्गाचा अभ्यास करणाऱ्याचे चित्त निब्बानाकडे उतरते होते. येथे 'अभ्यास करणाऱ्याचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. उतार आधीच मिळालेला नसतो, तो सरावाने तयार होतो.

आणि सराव आधाराविना होत नाही. विनयात नवदीक्षित भिक्खूने समर्थ आचार्याच्या आधाराने किमान पाच वर्षे राहावे असा नियम आहे. त्या आधाराला 'निस्सय' म्हणतात. हाही शब्द 'श्रि' या धातूपासूनच आलेला, म्हणजे 'आश्रय' आणि 'इन्क्लाइन्ड' यांचा सख्खा भाऊ. टेकायला काही असेल तरच माणूस एका दिशेने कलू शकतो; आधार नसेल तर तो पडतो.

आमचे एक वाक्य

आता ती हकिगत. बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. वर्गात तो सर्वांत मागे बसे, खिडकीबाहेर पाहत राही, प्रश्न विचारला तर उभा राहून गप्प राही. सहामाहीनंतर आम्ही त्याच्या पत्रकावर आमचे ठरावीक वाक्य लिहिले.

पालकसभेला त्याचे वडील आले. ते गवंडीकाम करीत. काम संपले की गाव बदलायचे, असा त्यांचा संसार होता. पत्रक वाचता येत नसल्याने त्यांनी दुसऱ्या मुलाकडून त्याचा अर्थ विचारून घेतला होता. सभा संपल्यावर ते आमच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "जय भीम सर. कल न्हाई असं लिवलंय म्हनं. आमच्यात भित कलली तर आमी भितीला बोल लावत न्हाई. ओळंबा सोडतो, पाया बघतो. तुमी पाया बघितला का?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता. आम्ही त्यांना बसवून घेतले आणि जे पहिल्या दिवशी विचारावयास हवे होते ते विचारले. चार वर्षांत पाच शाळा झाल्या होत्या. त्यांपैकी दोन वर्षे जोडाक्षरे शिकवण्याच्या सुमारास मुलगा बांधकामाच्या जागी धाकट्या बहिणीला सांभाळीत होता. सातवीत बसलेल्या त्या मुलाला फळ्यावरील ओळ सलग वाचता येत नव्हती. आणि वाचता येत नाही हे कोणाला कळू नये, यासाठी तो खिडकीबाहेर पाहत होता.

त्यानंतर रात्रीच्या अभ्यासिकेत त्याला पहिलीच्या पुस्तकापासून वाचायला बसवले. दोन वर्षे लागली. नकाशा काढण्यात त्याचा हात विलक्षण चांगला होता, हेही त्याच काळात समजले. दहावीनंतर तो वडिलांबरोबर कामावर गेला. पुढे काय झाले ते सांगून हकिगतीला गोड शेवट देण्याचा आमचा हेतू नाही. आमचे शिकणे त्या टेबलाशी झाले, एवढेच नोंदवायचे आहे.

तेव्हापासून अभिप्राय लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हा कल आम्ही किती दिवस पाहिला आहे? कोणत्या आधारावर हा मुलगा टेकून उभा आहे? आणि हेच वाक्य आम्ही आमच्या स्वतःच्या मुलाविषयी लिहिले असते काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच विशेषण लिहावे. अन्यथा घडलेली गोष्ट लिहावी. 'सलग वाचन कच्चे आहे. नकाशे उत्तम काढतो. रोज अर्धा तास वाचून घ्यावे.' असे वाक्य लिहायला अधिक वेळ लागतो, परंतु त्याने पुढच्या शिक्षकाला काय करावयाचे ते कळते. पालकांनीही पत्रकातील विशेषण वाचून थांबू नये. ते कशावरून लिहिले, असे शिक्षकांस अवश्य विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.

ही स्मरणिका त्या विद्यार्थ्याच्या हाती पडेल की नाही, सांगता येत नाही. पडली तर त्याने एवढे वाचावे : सातवीच्या सहामाहीच्या पत्रकावर तुझ्याविषयी आम्ही जे वाक्य लिहिले होते, ते पाया न बघता लिहिलेले होते. ते आम्ही येथे, सर्वांसमक्ष, मागे घेत आहोत. तुझ्या वडिलांना आमचा जय भीम सांग.